बोटीचे बोंबील

भिवंडीला कुणी हवापालटासाठी जात नाही. मी मात्र दोन्ही वेळा हवेच्याच भानगडीपायी गेलो. दोन खेपांच्या मधली नऊ वर्षं मी इचलकरंजीत गप्प बसून काढली. तसा मी मूळचाच गप्प. बायको म्हणते, "तुमच्याशी भांडायचं म्हटलं तर दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात." पण कमी बोलणारा माणूस निरुपद्रवी असतो असा जो लोकांचा समज आहे, तो खरा नाही. माझं सगळ्यात मोठं पाप दोन शब्दांचं आहे. ते ओघात येतीलच.

माझा धंदा गोबर गॅसचा. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला आमच्या भागात गोबर गॅसची लाट होती आणि मी हातकणंगले, शिरोळ, कागल अशा गावांतून प्लँट बांधत हिंडायचो. काही नुसते शेणाचे, काही संडास जोडलेले. या कामात शिकायची गोष्ट एकच, ती म्हणजे हवा आत जाता कामा नये. टाकीला सुईएवढं भोक राहिलं तरी गॅस धरत नाही. त्यामुळं कुठंही भोक दिसलं की माझा हात शिवशिवतो. ही सवय धंद्याला चांगली असते, आयुष्याला नसते.

इस्माईलभाई भिवंडीचे लूमवाले. पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठचे, कोकणी मुसलमान. घरात मराठी, कामगारांशी हिंदी, आणि रागावले की दोन्ही. ते जुने लूम बघायला आमच्याकडं आले आणि ज्या कारखानदाराकडं उतरले त्याच्या परसात मी बांधलेला संडास-प्लँट होता. आपण पितोय तो चहा कशावर उकळलाय, हे कळलं की आमच्याकडचे पाहुणे कप खाली ठेवतात. इस्माईलभाईंनी दुसरा कप मागितला आणि तिथंच बसलेल्या मला विचारलं,

"टाकी कुठंय?"

"तुम्ही तिच्यावरच खुर्ची टाकलीय," मी म्हटलं.

ते उठले, वाकले, गुडघ्यावर बसून त्यांनी जमीन हुंगली. वर बघून म्हणाले, "वास नाही! साहेब, तुम्ही माझ्याबरोबर चला. माझ्याकडं एक टाकी आहे. ती पाण्यावर तरंगते, आणि तिचा वास म्हणजे... अल्ला माफ करो."

भिवंडी

मुंबईच्या दारूखाना नावाच्या बंदरभागात जुनी जहाजं मोडतात. तिथल्या भंगारातून इस्माईलभाईंनी एक बोट आणली होती. कुणा गोऱ्या माणसाची हौसेची बोट. तिच्यात पलंग होता, बेसिन होतं आणि अंगाला अंग लागेल एवढ्या खोलीत एक संडास होता. संडासातलं खाली पाण्यात पडत नसे. पलंगाखालच्या टाकीत साठे, आणि खोल पाण्यात गेल्यावर व्हॉल्व्ह उघडून ती रिकामी करायची. आपली घाण आपल्याच अंथरुणाखाली घेऊन फिरायची ही हौस गोऱ्यांना का असावी, हे मला त्या वेळी कळेना. आता थोडं कळतं.

बोटीचं कारण मुलीचं लग्न. व्याही म्हणजे एक हाजीसाहेब, खाडीच्या तोंडाकडच्या गावचे. बोलणी झाली होती, बैठक राहिली होती. त्यांना बोटीनं, मानानं भिवंडीला आणायचं इस्माईलभाईंनी कबूल करून टाकलं होतं. दिवस उरले होते आठ, आणि बोटीत पाय ठेववत नव्हता.

मला कारखान्यावरच्या माळ्यावर खोली दिली. खाली चोवीस लूम. इस्माईलभाईंना वाटलं, पाहुण्याला झोप लागेल की नाही. मी तर घरच्यापेक्षा गाढ झोपलो. लूमचा खडखडाट इचलकरंजीत काय नि भिवंडीत काय, एकाच भाषेत असतो. वीज गेली की आमच्याकडं सगळी गल्ली दचकून जागी होते, तशीच तिथंही झाली. फरक एवढाच, की आमच्याकडं विजेला मराठीत शिव्या देतात. भिवंडीत त्या आझमगडपासून अंजूरपर्यंतच्या सगळ्या बोलींत ऐकल्या.

वासावर उपाय मात्र शहरातल्या प्रत्येकाकडं होता. बोटीत डांबराच्या गोळ्या मोज्यांत घालून टांगल्या होत्या. फिनेल ओतलं होतं, लोबान जाळला होता, गुलाबपाणी शिंपडलं होतं. एका कामगारानं त्याच्या मुलखातली रीत म्हणून कडुलिंबाचा पाला उशीत भरला होता. वास गेला नव्हता. त्याच्याकडं नुसते पाहुणे येऊन राहिले होते.

अंजूरचा धक्का

बोट भिवंडीजवळच्या अंजूर गावाला बांधलेली. भाताची खाचरं जिथं संपतात तिथं चिखल आणि तिवरं सुरू होतात, आणि त्यांच्यामधून खाडी. आमची पंचगंगा एकाच दिशेनं वाहते. हे पाणी दिवसातून दोनदा येतं नि दोनदा जातं, हे बघून मला पहिल्या दिवशी चक्कर आल्यासारखं झालं.

बोटीचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, बाळाराम अंजूरचाच. पन्नाशीचा, काळा, सुकट. संडासाबद्दल त्याचं मत स्पष्ट होतं. "येवढी मोठी खाडी हाय, आनि शेटना पेटीत बसाया लागतंय."

त्याची बायको गोमीबाई. खाडीच्या तोंडाला जाऊन सुके बोंबील घ्यायचे आणि भिवंडीच्या बाजारात विकायचे, हा तिचा धंदा. नवरा तांडेल झाल्यापासून तिची पाटी बोटीच्या पुढच्या कप्प्यातून यायची. माणूस फटकळ, पण हात सढळ. मी गेलो त्याच दुपारी तिनं तांदळाच्या भाकरीवर बोंबलाची चटणी वाढली. आमच्याकडं सुकी मासळी म्हटली की लोक खिडकी लावून घेतात. मी जरा मागं सरलो असेन.

"भाऊ, वास दोन परकारचा असतो," ती म्हणाली. "येक बोलावतो नि येक हाकलतो. आमचा बोलावनारा हाय. खाऊन बघा."

मी खाल्लं. तीन भाकरी खाल्ल्या. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे केलं ते हिचं अन्न पोटात असताना केलं.

जेवून कामाला लागलो. टाकी चांगली होती, झाकण चांगलं होतं. मग होडक्यातून बोटीला बाहेरनं फेरी मारली आणि काठाच्या हातभर खाली मला ते दिसलं. चार आण्याच्या नाण्याएवढं पितळी भोक. इस्माईलभाईंनी बोटीला हिरव्या रंगाचे तीन हात दिले होते आणि जे दिसेल ते रंगवलं होतं, त्यामुळं भोक निम्मं बुजलेलं. मी नाक लावलं. वास तिथूनच येत होता.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. भोक, आणि तेही बोटीला!

मी लूमवरचं टाकाऊ सूत मागवलं, नळाच्या सांध्यांना लावतात त्या सफेद्यात भिजवून त्याची वात केली, आणि बाभळीची खुंटी तासायला घेतली. बाळाराम बघत होता. म्हणाला, "साहेब, त्या भोकाचा काय काम असंल काय?"

"बोटीला भोक कशाला लागतंय?" मी म्हटलं.

सगळे हसले. शेवटी बाळारामही हसला. मी वात कोंबली, खुंटी ठोकली, वर सफेदा थापला. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. हवाबंद! तेवढ्या दुपारी वास खरंच कमी झाला. इस्माईलभाईंनी मला मिठी मारली आणि घरी नेऊन निवट्यांचं कालवण खाऊ घातलं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा खाडीतला मासा. दिसायला भित्रा, चवीला गोड.

त्यानंतर त्यांनी संडास सगळ्यांना खुला केला. शिफ्ट सुटली की चौघं-पाचजण अंजूरला येत, रांगेत उभं राहून विलायती संडास वापरून बघत, दांडा हलवत आणि "वा सेठ!" म्हणत. टाकी भरत चालली. रिकामी करायला बाळाराम उधाणाच्या भरतीची वाट बघत होता. "थोड्या पान्यात सोडलं तर आख्खा गाव मना शोधत येईल," तो म्हणे.

तिसऱ्या दिवशी वास परत आला. आधीचा वास बोटीपुरता होता, हा धक्क्यावर येऊन भेटायचा. बेसिनमधून यायचा, फळ्यांच्या फटींतून यायचा. मी बेसिनला बूच मारलं, फटी बुजवल्या. जितकं बुजवावं तितका तो आत पिकत होता. रोज सकाळी इस्माईलभाई चार जाणकारांना घेऊन यायचे. ते एकामागोमाग आत जाऊन हुंगायचे, बाहेर येऊन आकाशाकडं बघायचे, आणि कुणीच कुणाला काही विचारायचं नाही. मयताच्या घरून आल्यासारखे परत जायचे.

खाडीत

आठव्या दिवशी आम्ही हाजीसाहेबांना आणायला गेलो. सकाळचं पाणी रुपेरी, दोन्ही अंगांना तिवरं, बगळे ओळीनं उभे. एरवी हा प्रवास मला जन्मभर आठवला असता. आठवतोही, पण बगळ्यांसाठी नाही.

हाजीसाहेब चढले. नखशिखान्त पांढरे, इस्त्रीचे, दाढीला मेंदी. त्याच धक्क्यावरून गोमीबाईही चढली, पाटी पुढच्या कप्प्यात सारली आणि पदर सावरून तिच्याशेजारी बसली. मी आदल्या रात्रीच बोटीत अत्तराची अख्खी कुपी ओतली होती. वारा मागचा होता. निम्मी वाट ठीक गेली. मग हाजीसाहेबांनी, कौतुकानंच, विलायती संडास बघायची इच्छा सांगितली.

इस्माईलभाईंनी दारापर्यंत जाऊन समजावलं. "दांडा दोन वेळा वर-खाली करायचा, बस."

आम्ही बाहेर अदबीनं उभे. आतून दांड्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. आणि मग पलंगाखालून दुसराच आवाज आला. गुड... गुड-गुड... भप्प!

तो आवाज माझ्या ओळखीचा. नव्या प्लँटला पहिल्यांदा गॅस धरला की हाच येतो. तो ऐकून आमच्याकडचे शेतकरी पेढे वाटतात.

दार उघडलं. हाजीसाहेब बाहेर आले. कसे आले ते मी लिहिणार नाही, त्यांना आता नातवंडं आहेत. आत गेले तेव्हा पांढरे होते, एवढंच सांगतो.

कुणी हललं नाही. बाळारामनं इंजिनसुद्धा बंद केलं.

"इस्माईल," हाजीसाहेब डोळे मिटून म्हणाले, "ये क्या पाल रखा है तूने?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या क्षणाला मला सगळं कळलं होतं. त्या टाकीला हवा हवी होती. ते भोक तिचं नाक होतं. रंगानं ते अर्धं चोंदलं म्हणून मूळचा वास आला, आणि उरलेलं मी बुजवलं. मी त्या खाडीत तरंगता गोबर गॅस बांधला होता आणि आठ दिवस त्याला शिफ्टमागून शिफ्ट माल पुरवला होता. एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं.

पण बुडणारा माणूस काडी शोधतो, आणि इस्माईलभाईंची नजर पाटीवर गेली.

"बोंबील!" ते ओरडले. "हा वास बोंबलांचाच आहे पहिल्यापासून! एखादा आत पडला असेल, पाइपात अडकला असेल. म्हणून उलटं आलं. हो ना साहेब? बोंबील अडकला असेल ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "असू शकतं."

ते दोन शब्द हे.

गोमीबाई उभी राहिली. "माजा बोंबील? सुका बोंबील चालत गेला काय संडासात?"

एरवी या वाक्यावर अख्खी खाडी हसली असती. कुणी हसलं नाही. तज्ज्ञाचं मत आलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बगळ्यांकडं बघितलं.

बाळारामनं इंजिन परत चालू केलं. बोट अंजूरला आणली, दोर बांधला, पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि धक्क्यावर चढून वळला. "जिथं माज्या बायकोच्या पाटीला संडास बोलतान, तिथं माजा पाय न्हाय." दोघं चिखलातल्या वाटेनं गेली.

हाजीसाहेबांना विहिरीवर नेऊन सगळे धुवत होते. बोटीवर मी एकटाच. मी होडक्यातून गेलो आणि खुंटी उपटली. आतली हवा बाहेर पडताना इतका वेळ फुस्स करत राहिली की मला वाटलं, ही आता कुणाचं तरी नाव घेणार. मग चाकूनं रंग खरवडला. हिरव्याखाली पितळ निघालं, आणि पितळेवर कोरलेली अक्षरं. माझं इंग्रजी पाट्या वाचण्यापुरतं, पण तेवढं पुरलं. एअर व्हेंट.

दोन दिवसांनी उधाण आलं. दुसऱ्या एका तांडेलानं टाकी रिकामी केली, आणि वास गेला. कायमचा गेला. कारण भोक उघडं होतं. पण ते फक्त मला माहीत. बाकीच्यांनी काय बघितलं? बोंबील गेले आणि वास गेला. याहून मोठा पुरावा कोणत्या कोर्टाला लागतो? हाजीसाहेब मोठ्या मनाचे, लग्न ठरलं. इस्माईलभाईंनी चारचौघांत मला शाल घातली. मी घालून घेतली.

मधली नऊ वर्षं

त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. प्लँट बांधले. मोठ्याला नोकरी लागली. कधीमधी वाटायचं, बोंबलाची एक पाटी, केवढीशी गोष्ट. विसरली असतील.

मग एकदा आमच्या गल्लीतल्या कारखान्यात मी चहाला बसलो असताना भिवंडीचा एक व्यापारी कापड बघत होता. एक ठाण त्यानं उलगडलं, आतली खोट बघितली आणि बाजूला ढकललं. "ये तो बोट के बोंबील हैं."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"हमारे उधर बोलते हैं. ऊपर से अच्छा, अंदर से सड़ा हुआ." मग त्यानं मला माझीच गोष्ट सांगितली. कुणी एक मच्छीवाली होती, तिच्या बोंबलांनी एका शेठची बोट नासवली. आता भिवंडीत कापड खराब निघालं, नवरा मुलगा लबाड निघाला, पुढाऱ्यानं पक्ष बदलला, तरी हेच म्हणतात. "वो औरत?" मी विचारलं. "उसका माल कौन लेगा भाई? बैठती थी दो-चार महीने. बच्चे नाक पकड़ के पीछे चलते थे. फिर दिखी नहीं."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. मी सलग एवढा वेळ बोलतोय हे बघूनच ती आधी घाबरली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग इथं का बसलाय?"

मी आधी सोपं ते केलं. इस्माईलभाईंना चार पानी पत्र घातलं, भोकाची आकृती काढून. त्यांचं कार्ड आलं. 'साहेब, तुमची तब्येत ठीक आहे ना? तुम्ही लिहिता तसं असू शकतं. पण बोंबील उतरले आणि वास गेला, हे मी माझ्या नाकानं पाहिलं आहे.'

तेव्हा जावंच लागलं.

पडघ्याच्या वाटेवर

भिवंडी वाढली होती. शेजारच्या पूर्णा गावाकडं जिथं भात होता तिथं लांबच लांब पत्र्याची गोदामं उभी राहत होती. स्टँडवरून अंजूरची रिक्षा केली. रिक्षावाला म्हातारा, सुकट. समोर ट्रकांची रांग दिसली तसा तो हँडल सोडून मागं रेलला. "भरती लागली. उतरंल तवा जाऊ."

मी मानेकडं बघत राहिलो. "बाळाराम तांडेल?"

तो वळला. ओळख पटायला वेळ लागला. पटली, तेव्हा चेहऱ्यावर काहीच आलं नाही. "गॅसवाले साहेब. शेटची बोट बघाया आलात? ती न्हाय आता. तिची केबिन पूर्ण्याला गोदामाच्या वाचमनला दिली. त्यात बसून भाकरी खातंय तो."

ट्रक हलले, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी तिथंच सांगायला सुरुवात केली. भोक, खुंटी, गॅस, दोन शब्द, खरवडलेला रंग. त्यानं रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच सगळं ऐकलं.

"म्हंजे," तो शेवटी म्हणाला, "मी त्या भोकाचा बोललो व्हतो, ता बरोबर व्हता?"

"बरोबर होतं."

"नऊ वर्सं मना वाटतंय का मीच येडा." तो हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले, आणि मग एकदम थांबला. "मना सांगून काय उपयोग? तिला सांगा. ती पडघ्याला बसते."

"भिवंडीत नाही?"

त्यानं रिक्षा नाशिकच्या रस्त्याला वळवली.

पडघ्याला त्या दिवशी बाजार होता. ट्रकवाले, गावागावचे शेतकरी, मिरच्यांचे ढीग. मिरची आणि कांदा यांच्या मधल्या पट्टीत गोमीबाई बसली होती. केस पांढरे, पाटी तीच. गिऱ्हाईक होतं, धंदा बरा दिसत होता. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. ती ऐकत ऐकत बोंबील निवडत राहिली. मोडके एका बाजूला, अख्खे एका बाजूला. मध्ये एका बाईला वाटा बांधून दिला, तेवढा वेळ मी थांबलो.

"झाला सांगून?"

"हो."

"इथं कशाला सांगतंस?" पूर्वी मी 'भाऊ' होतो, 'तुमी' होतो. "इथं मना कोन काय बोलतंय? जिथं वास लावलास, तिथं जाऊन पूस."

ती पाटी आवरायला लागली.

"आता?" बाळाराम म्हणाला. "बाजार आर्धा पन न्हाय झाला."

"आता. यो परत नऊ वर्सं यायाचा न्हाय."

येताना रिक्षात मागं आम्ही दोघं आणि पाटी माझ्या मांडीवर. नाशिक रस्त्यावरचे ट्रक अंगावर येत होते आणि बाळाराम लाटा चुकवाव्यात तसा त्यांच्यामधून रिक्षा काढत होता. प्रत्येक वळणाला चार बोंबील माझ्या खिशात येत होते. मी म्हटलं, "बाई, मी घाबरलो होतो."

"घाबरलास ता घाबरलास. मानूस घाबरतोच." ती बाहेर बघत होती. "'असू शकतं' बोललास. तेवढ्याच तोंडानं 'ठाव न्हाय' बोलला असतास. ते पन दोनच शब्द व्हते."

मी पाटी घट्ट धरून बसलो.

पुन्हा भिवंडी

मच्छी बाजारात शिरलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. ओल्या मासळीवाल्या पुढं, सुक्या मासळीवाल्या भिंतीकडं. गोमीबाईला बघून एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. "अगं बया, बोटीची आली!" दोघी-तिघींनी पदर नाकाला लावले. खरा वास कुणालाच येत नव्हता, रिवाज म्हणून लावले.

गोमीबाईनं भिंतीकडं जाऊन पाटी उतरवली. "बोल," ती मला म्हणाली.

मी बोललो.

"मोठ्यानं."

मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो. शेताच्या बांधावरून गड्याला हाक मारायची झाली तरी मी चालत जाऊन सांगतो. डोळे मिटले आणि ओरडलो, "ऐका! इस्माईलभाईंच्या बोटीवर वास सुटला होता, तो या बाईंच्या बोंबलांचा नव्हता! तो वास माझा होता!"

मग एक पापलेटवाली म्हणाली, "येकट्याचा?"

जो हशा उठला, तो थांबेचना. मी समजावून सांगायला लागलो, की टाकीला एक भोक असतं, त्यातून हवा...

"भोकाचा नको सांगू," गोमीबाई म्हणाली. "कोनाला कळनार न्हाय. चूक सांग."

"चूक माझी होती! मी भोक बुजवलं, म्हणून टाकी उलटली. मला माहीत होतं. तरी मी बोंबलांवर घातलं. मी खोटं बोललो!"

आता कुणी हसत नव्हतं. मागं लूमवरून सुटलेले दोघं-तिघं उभे होते. एकानं विचारलं, "क्या बोल रहा है चाचा?"

गोमीबाईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "हिंदीत."

माझं हिंदी म्हणजे आनंदच. "भाईलोग! वो बोट का बदबू... मच्छी का नहीं था! हमारा था! हम झूठ बोला!"

"अच्छा!" तो म्हणाला, आणि शेजाऱ्याला सांगायला लागला. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला सांगितलं. एक म्हातारी काठी टेकत आली, पाटीतला एक बोंबील उचलून तिनं मोडला, हुंगला, जिभेला लावला. "गोमे, वाटा कर," ती म्हणाली. गोमीबाईनं वाटा केला. पैसे तिनं न मोजताच कमरेला खोचले. मग पापलेटवाली आली. तिनंही वाटा घेतला आणि मान खाली घालून गेली.

मला वाटलं, झालं. मी रुमाल काढून तोंड पुसलं.

"थांबलास कशाला?" गोमीबाईनं पाटी डोक्यावर चढवली. "पलीकडच्या गल्लीत अजून कोनी ऐकला न्हाय."

पुढं मी ओरडत, मागं पाटी घेऊन गोमीबाई, तिच्यामागं रिक्षाचा हॉर्न वाजवत बाळाराम. एकदा मराठीत, एकदा हिंदीत. पोरं धावत आली. लूमच्या दारांतून माणसं डोकावली. एका दुकानदारानं मला वेडा समजून केळं दिलं. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. मी गळ्याला हात लावून खूण केली, संपला आवाज.

गोमीबाईनं पाटी खाली ठेवली. चहाच्या टपरीवरून पाण्याचा पेला आणला आणि माझ्या हातात दिला. इतक्या हळू दिला की मला वाटलं, सुटलो.

"पी," ती म्हणाली. "अजून चार गल्ल्या हायत."